शिष्यवृत्ती आणि उंबरठा

शिष्यवृत्ती हा शब्द कानावर पडला की आपल्या डोळ्यांपुढे शाळेतली परीक्षा उभी राहते. गुरुजी सकाळी लवकर येऊन जादा तास घेतात, निकालाच्या दिवशी गावात पेढे वाटले जातात. त्या शिष्यवृत्तीचा हेतू सरळ आहे. गरिबाच्या हुशार मुलाचे शिक्षण पैशावाचून अडू नये, एवढाच तो हेतू.

परंतु शिष्यवृत्तीचा आणखी एक प्रकार आहे. एखादा देश दुसऱ्या देशांतील तरुणांना आपल्या खर्चाने शिकावयास बोलावतो. ती मुले काही वर्षे आपल्यात राहावीत, त्यांनी आपले अन्न खावे, आपली माणसे ओळखावीत आणि मायदेशी परतताना आपल्याविषयीचा सद्भाव बरोबर न्यावा, अशी त्यामागे इच्छा असते. या दुसऱ्या प्रकाराविषयी आज मला तुमच्याशी बोलावयाचे आहे. त्याला कारण घडले ते आधी सांगतो.

नवी मुंबईतील एका महाविद्यालयात मी इतिहास शिकवतो. मागे एका जून महिन्यात पूर्व आफ्रिकेतले दोन विद्यार्थी माझ्याकडे आले. भारत सरकारची शिष्यवृत्ती घेऊन ते आले होते. फी भरलेली होती, दरमहा भत्ता मिळावयाचा होता, घरभाड्यासाठीही वेगळी रक्कम मंजूर होती. फक्त घर मिळत नव्हते. मी त्यांच्याबरोबर निघालो. एके ठिकाणी दलालाने कुलूप काढून खोल्या दाखवल्या, भाडे ठरले. तेवढ्यात मालक आले, त्यांनी मुलांकडे एकदा पाहिले आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, “सर, जागा कालच गेली हो.” पुढे पंधरा दिवस ‘भाड्याने देणे आहे’ ही पाटी त्या दारावर तशीच होती. आणखी तीन ठिकाणी हेच घडले. संध्याकाळी त्यांतला थोरला मुलगा मला म्हणाला, “सर, तुमच्या देशाने आम्हांला पत्र पाठवून बोलावलं. मग नको म्हणणारे हे कोण?”

मला उत्तर देता आले नाही. इतिहासाचा माणूस उत्तर सापडले नाही की मागे वळून पाहतो. तसे मी पाहिले. जे दिसले ते तुमच्यापुढे ठेवतो.

परक्या मुलांना बोलावून स्नेह जोडावा, ही कल्पना फार जुनी नाही. दक्षिण आफ्रिकेतील हिऱ्यांच्या खाणींवर गबर झालेला सेसिल ऱ्होड्स १९०२ साली वारला. त्याने मृत्युपत्रात मोठी रक्कम ठेवली, ती ऑक्सफर्ड विद्यापीठात परदेशी विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी. इंग्लंडच्या वसाहती, अमेरिका आणि जर्मनी येथील तरुण एकत्र शिकले तर त्यांच्या देशांत युद्ध होणार नाही, असा त्याचा होरा होता. हा मनुष्य साम्राज्यवादी होता आणि त्याचा पैसा आफ्रिकेतील मजुरांच्या घामाचा होता, हेही विसरता कामा नये. होरा किती खरा ठरला? अवघ्या बारा वर्षांनी, १९१४ साली, इंग्लंड आणि जर्मनी एकमेकांविरुद्ध महायुद्धात उतरले. नुसती शिष्यवृत्ती दिली म्हणजे सद्भाव निर्माण होतोच असे नाही, हा धडा आरंभीच मिळाला.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेच्या फुलब्राइट नावाच्या सिनेटरने ही कल्पना पुन्हा हाती घेतली. तो स्वतः ऱ्होड्सच्या शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला शिकला होता. युद्ध संपल्यावर अमेरिकेचे पुष्कळ लष्करी सामान देशोदेशी पडून होते. ते विकून येणाऱ्या पैशातून विद्यार्थ्यांची आणि अध्यापकांची देवघेव करावी, असा कायदा त्याने १९४६ साली मंजूर करून घेतला. भारताशी तसा करार २ फेब्रुवारी १९५० रोजी झाला. पुढे या कामाला अमेरिकेच्या गव्हाचाही पैसा लागला. तुमच्यापैकी वडीलधाऱ्यांना रेशनच्या दुकानातला तो अमेरिकेचा गहू आणि तांबडा मिलो आठवत असेल. त्या धान्याची किंमत आपले सरकार रुपयांत चुकती करी, आणि त्या रुपयांतला काही भाग अशा शैक्षणिक देवघेवीसाठी वापरला जाई. म्हणजे रांगेत उभे राहून घेतलेल्या त्या गव्हाचा आणि परदेशातून आलेल्या एखाद्या विद्यार्थ्याचा असा दूरचा संबंध होता.

आपला देश त्या काळी गरीब होता. धान्य बाहेरून येत होते. तरीही इतरांच्या मुलांना शिकावयास बोलावण्याचा विचार आपण केला, ही अभिमानाची गोष्ट आहे. स्वातंत्र्य मिळून दोन वर्षे झाली नाहीत तोच, १९४९ साली, आशिया आणि आफ्रिकेतील विद्यार्थ्यांसाठी भारत सरकारने शिष्यवृत्त्या सुरू केल्या. त्या वेळी आफ्रिकेतील बहुतेक देश पारतंत्र्यात होते. पुढच्याच वर्षी, ९ एप्रिल १९५० रोजी, शिक्षणमंत्री मौलाना अबुल कलाम आझाद यांनी भारतीय सांस्कृतिक संबंध परिषद स्थापन केली. या शिष्यवृत्त्यांचे काम पुढे याच परिषदेकडे आले आणि ते आजही चालू आहे. भारतात शिकून गेलेल्यांत मोठी माणसेही निघाली. अफगाणिस्तानचे अध्यक्ष झालेले हमीद करझाई हे आपल्या शिष्यवृत्तीवर सिमल्याला शिकले. टांझानियाचे १९९० ते १९९४ या काळातील पंतप्रधान जॉन मालेसेला हे मुंबई विद्यापीठाचे पदवीधर.

यात सरकारचा हिशेब नसतो, असे मी म्हणत नाही. मित्र वाढावेत, व्यापार वाढावा, जगात चार मते आपल्या बाजूने पडावीत, असे प्रत्येक देशाला वाटते. त्यात गैर काही नाही. पण सरकार पैसा देते, प्रवेश देते, परवाना देते. सद्भाव ही वस्तू मात्र सरकारच्या कोठारात नसते. ती असते तुमच्या-आमच्या घरात.

हे आपल्याला दुसऱ्या कोणी शिकवावयास नको. महाराष्ट्राच्या इतिहासात त्याचे दोन मोठे दाखले आहेत, एक उघडलेल्या दाराचा आणि दुसरा मिटलेल्या दाराचा.

उघडलेल्या दाराचा दाखला आनंदीबाई जोशी यांचा. कल्याणची ही मुलगी १८८३ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, डॉक्टरकी शिकण्यासाठी अमेरिकेला निघाली. तिच्या पतीचे, गोपाळरावांचे, पत्र तिकडच्या एका मासिकात छापून आले होते. थिओडोशिया कार्पेंटर नावाच्या बाईंनी दंतवैद्याकडे वाट पाहत बसल्या असताना ते वाचले, आणि ना ओळख ना देख अशा मुलीला त्यांनी पत्र लिहिले. पुढे आनंदीबाई न्यू जर्सीतील रोझेल गावी याच बाईंच्या घरी उतरल्या. त्यांना त्या मावशी म्हणत. १८८६ साली फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी घेऊन आनंदीबाई परतल्या, पण क्षयाने त्यांना गाठले. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. त्यांच्या अस्थी अमेरिकेला पाठवण्यात आल्या, आणि कार्पेंटरबाईंनी आपल्या कुटुंबाच्या दफनभूमीत त्यांना जागा दिली. शेजारच्या गावातल्या माणसालाही परका मानण्याच्या त्या काळात, सातासमुद्रापलीकडच्या एका बाईने कल्याणच्या मुलीला आपल्या माणसांत घेतले.

दुसरा दाखला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड हे मूळचे नाशिक जिल्ह्यातील कवळाण्याचे शेतकऱ्याचे मूल. १९१३ साली त्यांनी भीमराव आंबेडकर नावाच्या तरुण पदवीधराला अमेरिकेत शिकण्यासाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली. परत आल्यावर दहा वर्षे संस्थानाची नोकरी करावी, अशी अट होती. न्यू यॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात भीमरावांना प्राध्यापक भेटले, ग्रंथालय भेटले, आणि विद्यापीठाच्या वसतिगृहात इतरांसारखीच राहण्याची खोली भेटली. पुढे ते लंडनला गेले. शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ साली शिक्षण अर्धे टाकून करारानुसार बडोद्यास आले.

आणि तेथे त्यांना राहावयास जागा मिळेना. हिंदू खाणावळीत अस्पृश्याला प्रवेश नाही. एका पारशी धर्मशाळेत त्यांनी पारशी नाव सांगून आसरा घेतला. अकराव्या दिवशी दहा-बारा माणसे काठ्या घेऊन जिना चढून आली आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याचे त्यांनी फर्मावले. ओळखीच्या दोघांकडे विचारून पाहिले, तेथेही निभाव लागला नाही. गाडीची वेळ होईतो सार्वजनिक बागेत बसून राहावे लागले, आणि मग ते मुंबईला निघून आले. ही हकिगत बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवली आहे. परदेशात राहून आपण अस्पृश्य आहोत हे आपण विसरूनच गेलो होतो, आणि बडोद्याच्या वाटेवर ते पुन्हा मनात उभे राहिले, असा त्यांच्या सांगण्याचा आशय आहे.

आता या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहा. सयाजीरावांच्या दानतीत खोट नव्हती. शिष्यवृत्ती खरी होती, नोकरीही खरी होती. परंतु महाराजांचा हुकूम शहराच्या उंबरठ्यापर्यंतच चालला. उंबरठ्याच्या आत शहराचे स्वतःचे राज्य होते. माझ्या विद्यार्थ्याने विचारलेल्या प्रश्नाचे हेच उत्तर आहे. ‘नको’ म्हणणारे कोण? तर सरकारने बोलावले तरी ज्यांच्या मनाने बोलावलेले नसते, ते आपण सगळे.

मग मन वळते कसे? कधी कधी एका माणसापासून. याचाही दाखला आपल्याकडेच आहे.

१९७० च्या सुमारास पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शांताराम बळवंत मुजुमदार नावाचे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते. मूळचे गडहिंग्लजचे, म्हणजे कोल्हापूर जिल्ह्यातले. मुलांच्या वसतिगृहाचे ते रेक्टरही होते. एके संध्याकाळी त्यांना दिसले की एक मुलगी वसतिगृहाच्या खिडकीशी येते, आतल्या मुलाच्या हातात काहीतरी देते आणि निघून जाते. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. रेक्टरच तो, त्याला संशय आला. चौकशी केली तेव्हा कळले की आतला मुलगा मॉरिशसचा आहे, काविळीने अंथरुणाला खिळला आहे, आणि ती मुलगी त्याला जेवण आणून देते आहे. हजारो मैलांवरून आलेला मुलगा खोलीत एकटा पडून आहे आणि आपल्याला त्याचा पत्ता नाही, याची त्या प्राध्यापकाला खंत वाटली.

खंत पुष्कळांना वाटते. मुजुमदारांनी ती कामाला लावली. परदेशी विद्यार्थी कोठे राहतात, काय खातात, आजारी पडले तर त्यांच्याजवळ कोण बसते, याचा ते विचार करू लागले. २६ जानेवारी १९७१ रोजी त्यांनी या विद्यार्थ्यांसाठी एक सांस्कृतिक केंद्र स्थापन केले आणि त्याला आपल्या विषयातलेच नाव दिले: सिंबायोसिस, म्हणजे सहजीवन. आज त्या नावाचे मोठे विद्यापीठ आहे, पण मूळ कल्पना त्या खिडकीतली आहे.

सहजीवन म्हणजे काय, हे शेतकऱ्याला सांगावयास नको. हरभऱ्याचे किंवा भुईमुगाचे झाड उपटले की मुळांवर गाठी दिसतात. त्या गाठींत सूक्ष्म जिवाणू राहतात. झाड त्यांना अन्न देते, ते झाडाला हवेतला नत्र देतात. मसाल्यातले दगडफूलही तसेच, बुरशी आणि शेवाळ यांच्या एकत्र संसाराचे. एकाने दुसऱ्यावर उपकार केला, असा तो मामला नाही. दोघांचेही चांगले होते. पाहुण्या विद्यार्थ्याच्या बाबतीतही तेच आहे.

याची साक्ष उलट बाजूनेही मिळते. १९६३ साली गेल ऑम्वेट नावाची अमेरिकन तरुणी फुलब्राइट शिष्यवृत्तीवर इंग्रजी शिकवण्यासाठी वर्षभर भारतात आली. ती परत गेली, पण देश मनातून जाईना. पुन्हा आली ती महाराष्ट्रातील ब्राह्मणेतर चळवळीचा अभ्यास करण्यासाठी. महात्मा फुले आणि सत्यशोधक समाज यांच्या कार्यावरील त्या प्रबंधाला कॅलिफोर्नियातील बर्कलेच्या विद्यापीठाने १९७३ साली डॉक्टरेट दिली. पुढे त्यांनी सांगली जिल्ह्यातील कासेगावच्या डॉ. भारत पाटणकरांशी विवाह केला आणि १९८३ साली भारताचे नागरिकत्व घेतले. परित्यक्ता स्त्रिया, धरणग्रस्त, दुष्काळी भागातील शेतकरी यांच्या चळवळींत त्या वावरल्या, आणि मराठी मुलखातील बहुजनांच्या लढ्याची ओळख त्यांनी इंग्रजीतून जगाला करून दिली. २५ ऑगस्ट २०२१ रोजी कासेगावातच त्यांचे निधन झाले. शिष्यवृत्ती होती एका वर्षाची. परंतु कासेगावच्या पाटणकरांच्या घराने, सासूबाई इंदुताईंसारख्या स्वातंत्र्यसैनिक बाईने, या परदेशी सुनेला घरात घेतले, म्हणून त्या एका वर्षाचे आयुष्य झाले.

त्याच ऑगस्ट महिन्यात दुसरीकडे काय घडत होते पाहा. १५ ऑगस्ट २०२१ रोजी काबूल तालिबानच्या हाती गेले. आपल्या शिष्यवृत्तीवर शिकणारे पुष्कळ अफगाण विद्यार्थी त्या वेळी भारतात होते, पुण्यातही होते. घरची खबर नाही, घरून पैसा नाही, परतावे तर कोठे परतावे हा प्रश्न. आणि जे साथीच्या दिवसांत मायदेशी गेले होते ते तिकडेच अडकले, कारण आधी दिलेले प्रवेश-परवाने त्याच महिन्यात रद्द झाले. प्रवेश मिळालेला, शिष्यवृत्ती मंजूर, अर्धी पदवी झालेली, आणि दार बंद. सुरक्षिततेची कारणे सरकारजवळ असतात, ती मी नाकारीत नाही. पण बोलावलेल्या मुलाला अर्ध्या वाटेत थांबावे लागले की त्याच्या मनात आपल्याविषयी काय उरत असेल, याचाही विचार झाला पाहिजे. बोलावणे हे वचन असते.

आता माझ्या त्या दोन विद्यार्थ्यांची गोष्ट पुरी करतो. त्यांना अखेर घर मिळाले, ते जुन्या गावठाणात, एका आगरी आजीबाईंच्या घरी. नवी मुंबई वसवताना पंचाण्णव गावांच्या जमिनी घेतल्या गेल्या, हे तुम्हांला ठाऊक असेल. आजीबाईंची भातशेतीही त्यात गेली. परक्या माणसांवर रागवावयाचे तर त्यांना कारण होते. पण त्यांनी मुलांची जात विचारली नाही, देश विचारला नाही. विचारले ते एवढेच, “भात खातात ना?” मी म्हटले, “खातात.” “मग झालं,” त्या म्हणाल्या. पहिल्या आठवड्यात तांदळाची भाकरी आणि मासळीचे कालवण वर गेले. दुसऱ्या महिन्यात धाकटा मुलगा आजीबाईंच्या औषधाच्या चिठ्ठ्या घेऊन दुकानात जाऊ लागला.

त्या दिवशी घरी परतल्यावर एक गोष्ट माझ्या ध्यानात आली, ती सांगितल्यावाचून हे भाषण खरे होणार नाही. आमची मागची खोली वर्षभर रिकामी होती. चार दारांवर त्या मुलांना घेऊन मी हिंडलो, मालकांवर मनात चरफडलो, पण आपल्या घरी एक खोली आहे हे मला आठवले नाही. का आठवले नाही, ते मी तुम्हांला सांगावयास नको.

खेड्यातील गुरुजी म्हणतील, आमच्या गावात परदेशी विद्यार्थी येतो कोठे? येत नसेल. पण परगावचा मुलगा येतो. ऊसतोडणीवाल्यांची मुले येतात, वीटभट्टीवर दुसऱ्या प्रांतांतली मुले येतात, भटक्या कुटुंबांतली येतात. वर्गात ती कोठे बसतात, डबा कोणाबरोबर खातात, आजारी पडली तर कोणाला कळते? जवळच्या शहरातल्या महाविद्यालयात परदेशी मुले असतील, तर दिवाळीला किंवा पोळ्याला दोघा-चौघांना गावात बोलवा. तुमच्या मुलांना त्यांच्याकडून नकाशावरचा देश कळेल, आणि त्यांना पुस्तकाबाहेरचा भारत कळेल. त्याला सरकारी मंजुरी लागत नाही, पैसाही फारसा लागत नाही.

शिष्यवृत्तीचे पत्र दिल्लीहून निघते. पण त्या पत्रावर शेवटची सही होते ती ज्या दारात तो मुलगा उभा राहतो, तेथे. ती सही आपल्याला करावयाची आहे. आमच्या घरची मागची खोली आता रिकामी नाही.